बिननावाचं बदक

पत्रक लिहायचं मला ज्यांनी शिकवलं त्यांचा एकच धडा होता: पहिल्या ओळीत दोषी कोण ते सांग, दुसऱ्या ओळीत मागणी मांड, तिसरी ओळ कुणी वाचत नाही. म्हणून हे लिहायला बसले तेव्हा सवयीने पहिली ओळ आली, 'हार्वेस्टरने एका आईचा जीव घेतला.' ओळ खरी आहे. पण तिच्यापुढे मागणी काय लिहिणार? त्या पिल्लाला उडता यायला हवं होतं, त्याला माणसांची भीती वाटायला हवी होती, आणि तलावातलं पाणी आटायच्या आत हे दोन्ही व्हायला हवं होतं. यातलं काहीच निवेदन देऊन होत नाही.

दसरा झाला होता. आमच्या शिवारात सोयाबीन आता बहुतेक मशीनच काढते. मशीन धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून वळत नाही. तेवढा कडेचा पट्टा विळ्याने सोंगावा लागतो आणि त्यासाठी मानोऱ्याकडच्या तांड्यावरून बाया येतात. ज्यांचं काम मशीनने नेलं त्यांनाच मशीनचं उष्टं काम करायला बोलवायचं. यावर माझं एक पत्रक आहे, इथे लांबवत नाही.

त्या बायांपैकी एक दुपारी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. ओढणीची खोळ दोन्ही हातांनी धरलेली. तलावाला लागून असलेल्या वावरात मशीन फिरलं तेव्हा गवतातली बदकीण घरट्यावरून उठलीच नाही, असं तिने सांगितलं. अंडी त्याच दिवशी फुटली असावीत. बाकीचं सगळं मशीनखाली गेलं, हे एक धसकटांत ओरडत होतं.

"मी ठेवलं असतं," ती म्हणाली, "पन दिवाळी झाली का आमी ऊसतोडीले जातो. फडात कोठी सांभाळू याले? तू सभेत लय ओरडते. मनलं, हेही ओरडून राह्यलं, तुह्याच घरी शोभन."

तिने खोळ उघडली. आत पिवळ्या-तपकिरी लवेचा एक गोळा, डोळ्यावरून गेलेली काळी रेघ, आणि अंगाच्या मानाने फार मोठे पाय. ते माझ्याकडे बघून इतकं जोरात ओरडलं की दारात बसलेलं मांजर उठून गेलं.

माय स्वयंपाकघरातून आली. "बदक व्हय काय हे?"

"रानातलं हाये. हळदीकुंकू," बाई म्हणाली.

या बदकाला आमच्याकडे हळदीकुंकू म्हणतात. मोठं झालं की त्याच्या काळ्या चोचीचं टोक पिवळं होतं आणि चोचीच्या मुळाशी, कपाळाला लागून, दोन लाल ठिपके येतात. मायने पिल्लाची चोच निरखली. "याच्या तोंडाले तं ना हळद ना कुंकू," ती म्हणाली. "लेकरू हाये हो."

मी वनखात्यात फोन लावला. खरं सांगायचं तर भांडायच्या तयारीनेच लावला. सरकारी फोनला मी उभं राहूनच बोलते. पण पलीकडच्या माणसाने सगळं ऐकून घेतलं, नोंद केली आणि म्हणाला, "ताई, इतकं लहान पिल्लू प्रवासात टिकत नाही. तुमच्याकडे तलाव आहे, त्यावर याच जातीचा थवा आहे. उडायला लागेपर्यंत सांभाळा आणि तिथेच सोडा. फक्त एक करा, त्याला माणसाळवू नका. माणसाला न भिणारं बदक हिवाळा काढत नाही." भांडायला त्याने जागाच ठेवली नाही. मी 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि थोडा वेळ उगीच उभी राहिले.

बाबा ओट्यावर फवारणीचा पंप दुरुस्त करत बसले होते. आमचे बाबा दिवसभरात जेवढे शब्द बोलतात तेवढे मी एका श्वासात वापरते. त्यांनी पिल्लाकडे एकदा बघितलं.

"नाव ठेवू नका त्याले," ते म्हणाले.

"काहून?"

"नाव ठेवलं का मंग जात नाई."

पुढचे दोन-अडीच महिने त्या बदकाशी बाबा एक शब्दही बोलले नाहीत. तेव्हा मला तो रुक्षपणा वाटला होता.

पिल्लाला आम्ही डाल्यात ठेवलं. कोंबडी झाकायचं बांबूचं डालं, खाली सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, वर पिवळा बल्ब. खायला भिजवलेल्या ज्वारीच्या कण्या, तलावावरचं हिरवं शेवाळ, आणि खताच्या उकिरड्यातली गांडुळं. गांडुळं मी काढायचे. गावात ज्या हातांनी मी पत्रकं वाटते त्या हातांना शेणाचा वास येऊ लागला आणि लोक पत्रक नाकापासून लांब धरून वाचू लागले. वाचत मात्र होते.

मग मी रिसोडला गेले. तलावातून पाणी ओढणाऱ्या मोटारींविरुद्धचं नवं पत्रक छापून घ्यायचं होतं. आमच्या तलावावर हरभऱ्यासाठी मोटारी बसतात आणि संक्रांतीच्या आसपास तलावाचं डबकं होऊन जातं. मग गुरं चिखलात रुततात, हातपंप कोरडे पडतात, आणि बदकं उडून मोठ्या धरणाकडे जातात. 'तलाव गावाचा की मोटारीचा?' असा मथळा होता. त्या मोटारींमध्ये एक आमचीही होती. गावात हे सगळ्यांना माहीत होतं आणि मला कुणी विसरू देत नव्हतं.

काळी-पिवळी जीपने परत आले तर घरात ओव्याच्या धुरीचा वास. माय पाय लांब करून बसली होती, जसं बाळंतिणीच्या घरी न्हाऊ घालणारी बसते तसं. पिल्लू तिच्या पायांवर आडवं. अंगाला गरम तेल चोळून झालेलं, डोक्याच्या टाळूवर तेल थापलेलं, शेजारी निखाऱ्यांवर ओवा. लव अंगाला चिकटून पिल्लू अर्धं दिसत होतं.

"माय, हे काय केलं व?"

"काय केलं म्हंजे? थंडी वाजून राह्यली होती त्याले. शेकलं, चोपडलं. पाह्य कसं डोये मिटून पडलं हाये."

पिल्लू खरंच सुखात होतं. मलाही त्यात वावगं वाटलं नाही, कारण आमच्या घरात जन्मलेलं प्रत्येक लेकरू असंच चोळलं गेलंय. अंगाला तेल लावल्याशिवाय लेकराची हाडं धरत नाहीत हे मायला जसं ठाऊक होतं तसं ते न शिकता मलाही ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर मी घमेल्यात पाणी भरून त्याला पोहायला सोडलं. बदक पाण्यावर तरंगतं. हे कुणी कुणाला सांगावं लागतं का? ते पाय मारत होतं, पण खाली जात होतं. आधी शेपटी गेली, मग पाठ, मग फक्त चोच वर. फडकं पाण्यात टाकल्यावर जसं हळूहळू भिजून बुडतं तसं ते बुडत होतं. आणि ओरडत नव्हतं. इतकं ओरडणारं पिल्लू ओरडत नाही म्हणजे काय हे कळायला मला एक क्षण लागला. मग मी त्याला बाहेर काढलं.

ते थरथरत होतं, डोळे झाकत होतं. फोनवरच्या त्या वनखात्याच्या माणसाला पुन्हा विचारलं. तो म्हणाला, लवेत हवा धरून राहते म्हणून पिल्लू तरंगतं आणि गरमही राहतं. वरून तेल लागलं की लव चिकटते, हवा जाते, पाणी कातडीपर्यंत पोचतं. तेल काढा आणि ऊब द्या, लगेच.

मी मायकडे वळले. मला हळू बोलता येत नाही. "तू त्याले मारलं असतं माय आज."

माय उठली. तिने रिठे फोडले, कोमट पाण्यात फेस केला, आणि एका हाताच्या तळव्यावर पिल्लू धरून दुसऱ्या हाताच्या एका बोटाने ते धुऊ लागली. डोळ्यांत फेस जाऊ नये म्हणून कपाळावर अंगठा आडवा धरलेला. एकदा धुतलं, तेल निघालं नाही. पुन्हा धुतलं. पाणी ओतून टाकायला मी, रिठे फोडायला मी. मग तिने त्याला जुन्या धोतराच्या फडक्यात टिपलं आणि लुगड्याच्या ओच्यात, पोटाशी, धरून चुलीजवळ बसली. दुपार उलटून गेली तरी उठली नाही. भाकरी मी थापल्या, त्या कशा झाल्या ते सोडा.

उन्हं उतरताना ओच्यातून एक बारीक आवाज आला. मग एक मोठा.

"बोललं," माय म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तुलेबी असंच चोपडलं होतं. तू नाई बुडाली."

मी हसले. तीही हसली, आणि मग पदराने डोळे पुसले. चुलीचा धूर होता म्हणाली.

त्यानंतर बरेच दिवस त्याला पाणी दाखवलं नाही. ते उन्हात बसून चोचीने अंग विंचरत राहायचं. शेपटीच्या मुळाशी चोच घासायची, मग ती साऱ्या अंगावर फिरवायची. त्याचं तेल त्याच्यापाशीच होतं. माय भाजी निवडता निवडता ते बघत बसायची आणि म्हणायची, "स्वतःच चोपडून घेते. शहाणं हाये." दिवाळीत घमेल्यात पुन्हा सोडलं तेव्हा पाणी त्याच्या पाठीवरून अळूच्या पानावरून जावं तसं ओघळलं. तांड्यावरची ती बाई ऊसतोडीला निघायच्या आधी येऊन बघून गेली. "मोठं झालं व," एवढंच म्हणाली, आणि त्याच्यासाठी पदरात बांधून आणलेल्या कण्या घमेल्यात टाकल्या.

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता बिघडलं ते सांगते.

पिल्लाच्या दृष्टीने त्याची आई म्हणजे एक निळी स्लिपर आणि एक मोठा आवाज होता. मी अंगणात चालले की ते मागे. मी बोलू लागले की कुठूनही धावत येणार. एकदा देवळापुढे माझी छोटी सभा चालू होती, मोटारींचाच विषय, आणि मी ऐन तावात असताना माणसं बाजूला होऊ लागली. बघते तर हे डुलत डुलत मधून चालत आलं आणि माझ्या पायाशी बसलं.

"घ्या," एक म्हातारा म्हणाला, "संघटनेत एक जन वाढला."

"हाच एक खरा कार्यकर्ता हाये बाप्पा. बाकीचे चहापुरते येतात," दुसरा म्हणाला.

सभा हसण्यात गेली. मला खरं सांगायचं तर आवडलं होतं. गावभर माझ्या पत्रकापेक्षा बदकाची चर्चा जास्त झाली आणि बदकामुळे तलावाची. मनात आलंही की पत्रकावर याचाच फोटो छापावा.

तो विचार पुढच्याच आठवड्यात मेला. मी एसटीच्या थांब्याकडे चालले होते आणि ते मागे येतंय हे मला कळलं नव्हतं. थांब्यावर निळ्या स्लिपर घातलेला एक परगावचा माणूस उभा होता. निम्म्या जिल्ह्याच्या पायात तीच स्लिपर असते. मी वळले तेव्हा पिल्लू त्याच्या पायाशी उभं राहून वर बघत होतं आणि त्याने वाकून, कोंबडी उचलावी तसं, दोन्ही पाय धरून त्याला उलटं उचललं.

"पोसेल हाये काय?" त्याने विचारलं. वाईट माणूस नव्हता, सरळ विचारत होता. "अजून जराक भरू द्या. मस्त होईन."

पिल्लू उलटं लोंबकळत होतं आणि फडफडत नव्हतं. त्याला भीती वाटत नव्हती. एवढ्या मोठ्या जगात पाय धरून उलटं उचलणारा हात हाही आईचाच हात आहे, असं त्याला वाटत होतं, आणि ते आम्ही शिकवलं होतं.

मी त्याला घेऊन घरी आले. माय अंगणात होती, बाबा ओट्यावर. मी सांगितलं. मग मीच म्हणाले, "आजपासून याच्याशी कोनी बोलाचं नाई. याच्यासमोर एकमेकांशीही नाई."

माय म्हणाली, "आन खायले?"

"मागून टाकाचं. दिसाचं नाई."

"लेकराले मागून वाढाचं?" ती म्हणाली. 

मुकं राहणं आम्हा दोघींना किती जड गेलं ते लिहून कळणार नाही. माय कण्या भिजवायची, डाल्याच्या मागून सरकवायची, आणि तोंडावर पदर दाबून उभी राहायची. तिची चाहूल लागून ते ओरडायचं. ती आत निघून जायची आणि भांडी आपटायची. मला तर साधं 'उन्हात काय बसलास' म्हणायचीही चोरी. दोन-चार दिवस गेल्यावर बाबा जेवताना म्हणाले, "आता घर कसं बरं वाटते." माय त्यांच्याशीही बोलली नाही.

रोज पहाटे अंधुक उजाडलं की मी डालं डोक्यावर घेऊन तलावावर जायचे. उथळ खाडीसारखा एक कोपरा आहे, बेशरमाच्या झुडपांनी अर्धा झाकलेला, तिथे थवा चरतो. डालं पाण्याच्या कडेला उघडायचं आणि पाळीमागे जाऊन बसायचं. पहिले काही दिवस ते पाण्यात न जाता माझ्यामागे पाळ चढून यायचं. मी झाडामागे लपायचे. माझ्यासारखी धिप्पाड बाई बाभळीमागे लपलेली बघून म्हशी राखणारे थांबायचे. "काय ताई, पोलीस मागं लागले काय?"

मग एकदा ते पाण्यात गेलं. थव्यातल्या एका मोठ्या बदकाने मान लांब करून त्याला टोचलं. ते मागे हटलं. पुन्हा गेलं, पुन्हा टोचणी खाल्ली. माझ्या घशापर्यंत घोषणा आली होती, अगदी खरी: दादागिरी नहीं चलेगी. दात आवळून बसले. त्याने दिवसभर थव्यापासून काही हात अंतर राखून तेच केलं जे थवा करत होता. थवा बुडी मारून शेपटी वर करायचा, हेही करायचं. संध्याकाळी मात्र ते चालत घरी आलं. गावातून, कुत्र्यांमधून, डुलत. अंगणात येऊन डाल्यापुढे उभं राहिलं आणि डालं उघडायची वाट बघू लागलं.

माय म्हणाली, पिल्लाला ऐकू जाऊ नये म्हणून अगदी कानात, "येते ना परत. राहू दे ना व. एक बदक काय जड हाये?"

"थांब्यावरचा मानूस इसरली?"

"पोरी धाडतो ना आपन सासरी. त्याहीच्याशी थोडंच बोलनं बंद करतो."

"सासर हे हाये माय. तलाव त्याचं माहेर हाये."

 दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आधी मायनेच डालं उचलून तलावावर नेलं होतं, आणि परत आणताना रिकामं आणलं ते उकिरड्याजवळ उपडं टाकलं. संध्याकाळी बदक अंगणात आलं तेव्हा डालं नव्हतं. ते जागेभोवती फिरलं. एकदा ओरडलं. आम्ही दोघी दाराआड श्वास धरून उभ्या. मग पंख फडफडले, आम्हाला वाटलं अंग झाडतंय, तर ते उडालं. पहिल्यांदा. गोठ्याच्या टिनावर धाडकन आदळलं, घसरलं, पुन्हा सावरलं. खाली उभ्या असलेल्या बाबांच्या डोक्यावरचं टोपी-उपरणं सगळं उडालं. पंखावरच्या हिरव्या पट्ट्यावर शेवटचं ऊन चमकलं, आणि ते टिनावरून सुटून तलावाच्या दिशेने गेलं. बाबांनी टोपी उचलली, झटकली आणि डोक्यावर ठेवली. बदक परत अंगणात आलं नाही.

इथे संपलं असतं तर बरं होतं. पण तोवर हरभऱ्याला पाणी सुरू झालं होतं. तलावाच्या भिंतीचे दगड रोज थोडे जास्त उघडे पडत होते. उथळ कोपरा आधी आटतो. तो आटला की थवा जाणार, आणि नुकतं उडायला शिकलेलं बदक त्यांच्याबरोबर जाईल की एकटं मागे राहून कुणाच्या तरी निळ्या स्लिपरमागे जाईल, हे कुणाला माहीत?

मी घरातच भांडण काढलं. "बाबा, आपली मोटर त्या कोपऱ्यातच हाये. ती तरी काढा."

"तुह्या बदकाले पानी पायजे, माह्या हरभऱ्याले नको काय?"

"लोक मले तोंडावर मनतात, आधी बापाची मोटर काढ."

"मंग लोकायले सांग, बाप आयकत नाई."

दोन दिवसांनी बाबा म्हणाले, मोटर जळली. रिसोडला नवी तार भरायला दिली. भरणाऱ्याकडे गर्दी आहे, वेळ लागेल. माय म्हणाली, "ऐन पान्याच्या दिवसात कशी जळली?" ते म्हणाले, "जळते." आमच्याकडे मोटर जळणं ही दैवाची गोष्ट आहे, तिला कारण विचारत नाहीत.

गोठ्यात गव्हाणीमागे कुटाराची पोती लावलेली असतात. मी कुटार काढायला गेले तेव्हा हाताला लोखंड लागलं. पोत्याखाली मोटर होती, धुऊन पुसून ठेवलेली. तिच्यावर काळा डाग कुठेच नव्हता. मी पोतं होतं तसं परत लावलं. ज्या बाईने कुणाचंही खोटं चव्हाट्यावर आणल्याशिवाय सोडलं नाही तिने तेवढं एक खोटं पोत्याखाली झाकून ठेवलं.

पौषात सभा ठरली होती. मागणी एकच: पाणी भिंतीच्या तळच्या दगडांपाशी आलं की सगळ्यांनी मोटारी बंद करायच्या. पत्रकावर मीच छापलं होतं, स्थळ: तलावाची पाळ. तेव्हा मला वाटलं होतं की पाणी समोर दिसल्याशिवाय लोकांना लाज वाटणार नाही. पण सभेच्या काही दिवस आधी मी पाळीवर कुणाशी तरी जरा मोठ्याने बोलले आणि खाली थव्यातल्या एका बदकाने मान वर केली. ते थव्यातून सुटलं आणि सरळ आमच्या दिशेने पोहत येऊ लागलं. मी बोलणं अर्धं टाकून पाळ उतरून पळाले. नंतर तिकडे फिरकले नाही.

आता सभेत मी बोलणार होते, भोंग्यावरून. समोर पन्नासेक माणसं, त्यांतले अर्धे मोटारवाले, माझ्यावर चिडलेले. आणि बदक माझ्या आवाजाने त्यांच्या पायांत येऊन उभं राहणार. चिडलेल्या माणसाला माझ्यावर राग काढायला याहून सोपं काय मिळणार होतं?

सभेच्या सकाळी थवा कोपऱ्यातच होता. पाणी गुडघाभर उरलेलं, पण होतं. माईक माझ्या हातात दिला गेला. मी तो मायकडे बघत धरून ठेवला. तिने मान हलवली. तिचाही आवाज त्याला ठाऊक होता. मग आम्ही दोघींनी एकाच वेळी बाबांकडे बघितलं. ते मागे, सांडव्याच्या दगडावर बसले होते. आम्हा तिघांपैकी एकच आवाज असा होता जो त्या बदकाशी कधी बोलला नव्हता, ज्याच्यामागे ते कधी गेलं नव्हतं.

मी जाऊन माईक त्यांच्यापुढे धरला. लोक हसले. "मोटारवाल्यालेच माईक?"

बाबा उठले. माईक तोंडाला लावला की नाही हे न कळता लांब धरला.

"मले बोलता येत नाई," ते म्हणाले. "माही मोटर जळली असं मी सांगतलं होतं. जळली नाई. घरी हाये, कुटाराखाली." माय माझ्याकडे वळली. मी तलावाकडे बघत राहिले. "हरभऱ्याले पानी कमी देल्लं. हरभरा उभा हाये. ज्याले पाहाचं असन त्यानं वावरात येऊन पाहून घ्या. आता अजून कोनाकोनाची मोटर जळते ते सांगा. नाई जळत तं नका जाळू, नुसतं काढून ठेवा."

कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. "माही जळाले आली वो," मागून एकजण म्हणाला. दोघंतिघं उठून निघूनही गेले, पाय आपटत. बाबांनी माईक परत द्यायला हात खाली केला, भोंग्याने अशी किंकाळी फोडली की सगळ्यांनी कान झाकले, आणि थवा उठला.

सगळा उठला. पाण्यावर पंखांचा एकच फडफडाट, मग हिरव्या पट्ट्यांची एक तिरकी ओळ पाळीवरून आमच्या डोक्यावरून गेली. मी त्यांतलं आमचं शोधत होते. प्रत्येकाच्या चोचीचं टोक पिवळं होतं. कुणाच्याही कपाळावरचे लाल ठिपके इतक्या लांबून दिसत नव्हते. त्यांनी एक फेरी घेतली, खाली माणसं बघितली, आणि उतरली नाहीत. धरणाच्या दिशेने लहान लहान होत गेली. एकही वळलं नाही. पाण्यावर एकही मागे राहिलं नव्हतं.

बाबा दगडावर परत बसले होते. मायने तोंडावरचा पदर काढला.

"त्यात होतं काय व आपलं?"

"मले नाई ओळखू आलं."

ती रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिली. "मंग बरं झालं," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी पाळीवर उभं राहून, अगदी मोठ्याने, बाबांना मोटारीबद्दल विचारायला लागली.